चाळीस पानं लॅटिन आन् चार पानं राब

संपादकसाहेब म्हणले, "गणपतराव, छापखान्यात तुमचं आयुष्य गेलं. दिवाळी अंकाला आठवणी लिहून द्या."

मी म्हणलं, "मला लिहिता येत न्हाई."

त्येंना वाटलं, मी लाजतोय. म्हणले, "अहो, एवढी पुस्तकं तुमच्या हाताखालनं गेली!"

गेली की. मेंढरंबी धनगराच्या हाताखालनं जात्यात, म्हणून त्यो काय कोट शिवतो व्हय?

खरी गोष्ट अशी, की मी शाळेची पायरी चढलो न्हाई. अक्षरं शिकलो ती तळेगावच्या छापखान्यात, खिळ्यांवरनं. खिळा म्हंजी शिशाची बोटभर कांडी, तिच्या टोकावर एक अक्षर. लाकडाची पसरट पेटी असते, तिला बारीक बारीक घरं. एका घरात सगळे 'क', दुसऱ्यात काना, तिसऱ्यात वेलांटी. जुळणाऱ्यानं उभ्यानं एकेक खिळा उचलायचा, हातातल्या पट्टीत बसवायचा, वळी झाल्या की दोऱ्यानं पान बांधायचं, शाई लावायची, कागद दाबायचा. कागदावर अक्षर सुलटं यावं म्हणून खिळ्यावर त्ये उलटं असतं, आरशातल्यावाणी. मी शिकलो ती ही उलटी अक्षरं. सुलटी मला आजबी धड वाचता येत न्हाईत. पयल्यांदा लोणावळ्याला गेलतो तवा स्टेशनाची पाटी वाचस्तवर गाडी खंडाळ्याला पोचली.

कागद वाचायचाच झाला तर मी त्यो उजेडावर धरतो आन् पाठीमागनं वाचतो. मागनं सगळं वळखीचं दिसतं. बायको म्हणते, "माणसांची तोंडं तरी समोरनं बघत जावा."

म्हणून हा मजकूर मी लिहिलेला न्हाई. संपादकसाहेबांच्याच छापखान्यात, पेटीफुडं उभा ऱ्हाऊन थेट जुळवतोय. त्यात चूक दिसली तर माझी. शहाणपण दिसलं तर कुणीतरी मागनं घातलं समजा.

गोष्ट सांगायची हाय कोशाची. ही लढाई सुरू व्हायच्या आधीची. इतकी वर्सं झाली, पर आठवली की अजून माझं डोकं तापतं.

लोणावळ्याला दादासाहेब म्हणून एक पेन्शनर राहायचे. मुंबईला कोर्टात भाषांतराचं काम करून आलेले. बंगला, बागेत आरामखुर्ची, आन् डोस्क्यात एकच गोष्ट: जगातलं सगळं ज्ञान एका मराठी कोशात आणायचं. 'अ'पासनं सुरवात. दर महिन्याला चौसष्ट पानांचा एक भाग निघायचा आन् टपालानं वर्गणीदारांला जायचा. चौसष्ट म्हंजी चौसष्ट. पासष्टावं पान दादासाहेबांनी बापाच्या जन्मात काढलं नसतं. छपाई आमच्याकडं.

मजकूर नीट करायला मोडक मास्तर व्हते. शाळेत शिकवायचे, आन् शाळा सुटली की छापखान्यात. मला सुलटं वाचता येत न्हाई म्हणून मास्तर कागद मोठ्यांदी वाचायचे आन् मी ऐकून जुळवायचो. दुसऱ्या छापखान्यातले लोक हसायचे. म्हणायचे, "तुमच्याकडं पुस्तक छापत्यात का पोथी लावत्यात?"

'र'चा भाग चालू व्हता तवा माझे सासरे आले. नाणे मावळातले, डोंगराच्या पायथ्याचे. सगळं गाव त्येंला आबा म्हणायचं, मीबी आबाच म्हणायचो. उंबऱ्यावर बसले, पटका काढून गुडघ्यावर ठिवला.

"पाव्हणं, तुमी छापता न्हवं?"

"व्हय, आबा."

"मंग राब छापा."

ज्येंला राब ठावं न्हाई त्येंच्यासाठी सांगतो. भाताचं रोप जिथं टाकायचं, त्या वाफ्यावर उन्हाळ्यात झाडांचा वाळला पाला न् डहाळ्या अंथरायच्या. वर शेण, गवत, सगळ्यात वर माती, आन् मंग त्यो थर भाजायचा. त्यालाच राब म्हणायचं. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आन् रोप काळंभोर येतं. राब न्हाई भाजला तर रोपाबरुबर तण येतं, रोप पिवळं पडतं, लावणीला हाताशी येत न्हाई. डहाळ्या येत्यात डोंगरावरच्या झाडांच्या. झाड तोडायचं नसतं, वरचा पाला छाटायचा. फुडच्या वर्षी झाड परत फुटतं.

आता रानाच्या बंदोबस्ताला नवा साहेब आलेला. आपल्यातलाच, शिकल्याला. त्यानं हुकूम काढला, डोंगरावरची डहाळी तोडायची न्हाई. गावातले चौघं त्येच्याकडं गेले. आबा बोलले, "साहेब, आमच्या आज्यापंज्यापास्नं आमी ह्यो पाला छाटतोय. चालत आलंय त्योच आमचा कायदा."

साहेब हसला म्हणं. म्हणला, "कुठे लिहिलंय, दाखवा."

आबा मला सांगत व्हते आन् मिशी थरथरत व्हती. "लिवलंय कुटं म्हणतो! माज्या हाताला घट्टं पडल्यात त्ये काय मी लिवून घेतल्यात?" मंग माझ्याकडं बघून म्हणले, "आमच्या घरात एक छापणारा जावई हाय. आता तरी तुमचा काय उपेग व्हऊ द्या."

हे 'आता तरी' मला लय लागलं. पर खोटं न्हवतं.

मोडक मास्तरांना सांगितलं तर त्ये उडालेच. "गणपत, अरे, कोशात राब नाही तर काय असावं? आणा तुमच्या सासऱ्यांना आत." तीन दिस आबा बोलत व्हते आन् मास्तर लिहीत व्हते. कुठल्या झाडाचा पाला जोरात जळतो, कुठला धुमसतो, वारं कुठल्या अंगानं असलं म्हंजी पेटवायचं, पेटवताना खालच्या अंगाला कुणी उभं ऱ्हायाचं. मास्तरांनी वाचलं, मी जुळवलं. चार पानं झाली. आबांला कच्चा कागद दाखवला. त्येंनी त्यो वास घेऊन बघितला आन् म्हणले, "बरा भाजलाय."

आन् मंग आलं लॅटिन.

त्याच भागात 'र' संपून 'ल' लागत व्हता, आन् दादासाहेबांनी 'ल'मधी लॅटिन वचनांची यादी घातली. वचनं म्हंजी वकील, डागतर, पाद्री बोलताना मधीच फेकत्यात ती दोन-चार शब्दांची वाक्यं. त्येंची यादी, आन् प्रत्येकाखाली मराठीत अर्थ. पानं चाळीस! मास्तरांनी गठ्ठा बघितला आन् टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणले, "हे मी वाचून दाखवणार नाही. कोश आहे की शब्दांचं कोठार?" आन् खरंच दाखवलं न्हाई. चांगला रुसवा धरला. मरायची पाळी माझी आली.

आमच्या छापखान्यात इंग्रजी खिळ्यांची एकच लहान पेटी. लोणावळ्याच्या हॉटेलांची जेवणाची कार्डं छापायला घेतल्याली. मला त्यातलं एक अक्षर कळत न्हवतं. दादासाहेबांचे कागद पातळ, वचनं टाइपच्या मशीनवर टिपल्याली, अर्थ हातानं. मी कागद खिडकीच्या काचंला पाठमोरा लावायचो, अक्षराचं तोंड बघायचो आन् तसल्या तोंडाचा खिळा पेटीत हुडकायचो. जत्रंत हरवल्यालं पोर हुडकावं तसं. एक अक्षर व्हतं बैलाच्या चाऱ्याच्या गव्हाणीवाणी, वर उघडं. त्ये ह्या लॅटिनवाल्यांला इतकं लागायचं की दोन पानांत संपलं. मंग माझ्या ध्यानात आलं, दुसरं एक अक्षर हाय त्ये कमानीवाणी, खाली उघडं. त्ये पालथं ठिवलं की गव्हाण तयार! तवापास्नं मी धडाधड कमानी पालथ्या घालत सुटलो. तेवढ्यापुरती मला माझ्या अकलेची लय गंमत वाटली.

मराठी अर्थबी जुळवले. वाचले न्हाईत. ही आमच्या धंद्यातली गोष्ट बाहेरच्याला पटत न्हाई, पर जुळणारा वाचत नसतो. त्यो अक्षर बघतो. वाक्य बघायला लागला की हात चुकतो. शंभर पुस्तकं माझ्या हातनं गेली आन् त्यातली एक गोष्ट इचारा, सांगता यायची न्हाई.

सगळं जुळलं तवा पानं झाली अडुसष्ट. चार जास्त. लोणावळ्यावरनं चिठ्ठी आली: राब काढा.

मास्तर न् मी सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला गेलो. मास्तर बरुबर असल्यानं मी खंडाळ्याला गेलो न्हाई.

दादासाहेब आरामखुर्चीत. मास्तरांनी बसायच्या आधीच सुरू केलं. "दादासाहेब, लॅटिन ही भाषा काय, कोण बोलत होतं, हे एका पानात येतं. ते कोशाचं काम. वचनांच्या याद्या हे कोशाचं काम नाही. कोशात वस्तूची माहिती असावी. यादीत माहिती कुठे आहे?"

"मोडक, आपला माणूस इंग्रजी पुस्तक उघडतो आणि तिसऱ्या पानावर त्याला हे वचन आडवं येतं. त्याला अर्थ कुठे मिळणार? तुमच्या राबात?"

"मग त्याचं वेगळं पुस्तक काढा."

"कोण घेईल ते?"

"बघा, तुम्हीच म्हणता कोण घेईल!"

दादासाहेब खुर्चीत फुडं सरकले. मंग हळू आवाजात म्हणले, "मी कोर्टात नवा होतो. न्यायाधीश एक वचन बोलले, सगळे वकील हसले. मी भाषांतर करायला उभा आणि मला ते येईना. पुन्हा हसले. त्या वेळी माझ्या भाषेत एक पान असतं, तर मी आदल्या रात्री वाचून गेलो असतो."

मास्तर नरमले. मी न्हाई नरमलो. इतका येळ बागेच्या फाटकाशी उभा व्हतो, माझ्या तोंडाला कुणी विचारलं नसताना त्ये सुटलं. "दादासाहेब, तुमाला चार माणसं हसली त्येच्यासाठी चाळीस पानं. माझ्या सासऱ्यालाबी साहेब हसलाय. त्येला चार पानं जास्त झाली व्हय?"

दादासाहेबांनी माझ्याकडं चष्म्यावरनं बघितलं. "गणपत, तू यातलं एक तरी वचन वाचलंस का?"

"सगळी जुळवली जी."

"वाचलंस का?"

"न्हाई."

"मग बोलू नकोस."

मी मास्तरांच्या आधी फाटकाबाहेर पडलो. आन् राग तर इतका आला, की येताना गाडीत मास्तरांचा डबा मीच खाल्ला आन् त्येंला कळलंबी न्हाई. त्येबी रागातच व्हते.

त्या वेळेला दादासाहेब डोळ्याच्या इलाजाला मुंबईला गेले. छापखान्याच्या मालकांना सांगून गेले, चिठ्ठीपरमाणं छापा. मालक लग्नाला गेले. मला सांगून गेले, चिठ्ठीपरमाणं छाप. आता चिठ्ठीला मी एकटा.

राबाची चार पानं दोऱ्यानं बांधून फळीवर ठिवल्याली. ती सोडायची म्हंजी खिळे परत ज्येच्या त्येच्या घरात टाकायचे. उद्या त्याच खिळ्यांचं दुसरं कायतरी व्हणार. मी दोऱ्याला हात घातला. आबांचा त्यो कागद हुंगणारा चेहरा आला डोळ्याफुडं. हात काढला.

आन् लॅटिनचीच चार पानं सोडली.

कुठली सोडली सांगू? ज्यात माझ्या पालथ्या कमानी सगळ्यात जास्त व्हत्या ती. म्हणलं, एका दगडात दोन पाखरं, चोरीबी झाकंल आन् राबबी ऱ्हाईल. फुडच्या पानांचे आकडे बदलायला दोन दिस गेले. भाग छापला, टपालात टाकला. मी छाती काढून फिरत व्हतो. मला वाटलं, जगाचं ज्ञान मी एकट्यानं सावरलं.

शिमगा झाल्यावर आबा छापील भाग घेऊन साहेबाकडं गेले. मी बरुबर. साहेबानं चारी पानं वाचली. चांगली सावकाश. म्हणला, "उत्तम माहिती आहे."

आबा माझ्याकडं बघून हसले. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच.

साहेब म्हणला, "पण ही माहिती झाली, आबा. राब कसा भाजतात ते मला ठाऊक आहे. तो भाजायचा तुम्हाला हक्क आहे, हे यात कुठे आहे? जुनं चालत आलेलं सरकारनं मानावं, असं कुठल्या कायद्यात आहे? ते आणा, मी फेरविचार करतो."

आबा उठले. घराजवळ आल्यावर म्हणले, "पाव्हणं, तुमचा हात लागला की असंच व्हतं."

त्या साली गावात राब भाजला न्हाई.

जेठ महिन्यात दादासाहेब मुंबईहनं परत आले, भाग चाळला, आन् मला बोलवणं आलं. गेलो. वाटलं, शिव्या घालतील, घालूंद्या. त्येंनी शिव्या घातल्याच न्हाईत. खणातनं आपले मूळ कागद काढले, मधले नेमके चार कागद वेगळे केले आन् म्हणले, "ही पानं तू टाकलीस."

"व्हय जी."

"का हीच?"

मी कमानींचं सांगितलं. त्येंनी डोळे मिटले. मंग एका कागदावर बोट ठिवलं. "हे वाच."

मी कागद उचलला आन् खिडकीकडं पाठमोरा धरला. दादासाहेब बघतच ऱ्हायले. लॅटिन तर मला दिसूनबी उपेग न्हवता. खाली मराठी व्हतं. एकेक अक्षर लावत वाचलं: "जुनी वहिवाट हा दुसरा कायदाच होय. न्यायालयांत हे वचन मानले जाते."

ह्योच अर्थ मी माझ्या बोटांनी जुळवला व्हता. 'ज'च्या घरातनं 'ज' उचलला, 'व'च्या घरातनं 'व'. आन् त्याच बोटांनी सोडून टाकला.

दादासाहेबांला राबाचं सगळं सांगितलं. साहेब काय म्हणला त्येबी. त्येंनी ऐकून घेतलं. मंग लहान कागद घेतला, वर त्ये लॅटिन लिहिलं, खाली अर्थ, त्येच्या खाली आपलं नाव न् कोर्टातला जुना हुद्दा. म्हणले, "सासऱ्यांना दे. आणि गणपत, तुला मालकांनी कामावर ठेवावं असं मी सांगणार नाही."

मालकांनी मला तीन महिने कामावरनं बंद केलं. तवा आशाढात मी आबांच्या शेतात लावणीला गेलो. रोप पिवळं, हातभर तण. वाफ्यात वाकून मी तण येगळं करत व्हतो, रोप येगळं. आन् सगळं सारखंच दिसत व्हतं. आबा बांधावरनं म्हणले, "बघून उपटा, पाव्हणं. तुमाला सवय हाय भलतंच उपटायची." मेव्हण्या हसत व्हत्या. तवाच मी आबांला दादासाहेबांची चिठ्ठी दिली.

"काय लिवलंय?"

मी चिखलाच्या हातानं उन्हावर धरून वाचून दाखवलं. आबांनी दोनदा वाचायला लावलं. मंग असले पेटले, की रोपाची जुडी हातातनं चिखलात फेकली.

"आवं, ह्ये तर मी त्येला पैल्याच दिशी बोललो व्हतो! ह्येच! शबुद न् शबुद! तवा त्यो हसला!"

दिवाळीनंतर आबा ती चिठ्ठी घेऊन एकटेच साहेबाकडं गेले. साहेबानं वरची लॅटिनची वळ वाचली, आबांला खुर्ची दिली. सही बघितली, चहा मागवला. डहाळीची परवानगी दिली. त्या सालापास्नं राब भाजत्यात. पर आबा खुर्चीत बसले न्हाईत आन् चहाला हात लावला न्हाई. उभ्यानंच परवानगी घेतली आन् चालत घरी आले.

मला राग येतो त्यो ह्येचाच. म्हाताऱ्यानं मावळी बोलीत सांगितलं तवा ती तक्रार झाली. मास्तरांनी मराठीत छापलं तवा ती माहिती झाली. आन् त्येच कुणा मेल्या मुलखाच्या मेल्या भाषेत लिहिलं तवा त्यो कायदा झाला! खुर्ची कुणाला दिली साहेबानं? आबांला न्हाई. त्या चार शब्दांला दिली.

मंग यादी कोशात असावी का नसावी? मास्तर शेवटपावतर म्हणत ऱ्हायले, नसावी. दादासाहेब म्हणत ऱ्हायले, असावी. मी एकदा आबांला इचारलं. त्ये म्हणले, "असूं द्या की चाळीस पानं. साहेब लोक त्येच बोलीत ऐकत असतील तर त्यांची बोली आपल्याला ठावं पायजे. पर राबाचं पान काढून न्हाई. आन् पाव्हणं, दोन्ही तुमच्या हातात देऊन तर मुळीच न्हाई."

आबा आता न्हाईत. मोडक मास्तर न्हाईत. चिठ्ठी सासरी, बियाण्याच्या कणगीजवळ खुंटीला हाय.

आत्ताच संपादकसाहेब मागं येऊन उभे ऱ्हायले. लढाईपायी कागदाची टंचाई हाय. म्हणतात, "गणपतराव, पान भरलं. चार ओळी जास्त झाल्यात, कुठल्या काढताय?"

मी म्हणलं, "थांबा. ह्या खेपेला आधी वाचतो."